उंदराचे दात आणि आदिमानवाचे अंगण

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



समोर मखरात बाप्पांच्या पायाशी लाडू धरून जो बसला आहे, त्याच्याच खानदानाविषयी मी आज बोलणार आहे. माझे काम लहान प्राण्यांच्या जीवाश्मांवरून जुने हवामान ओळखण्याचे. सासूबाई शेजारणींना सांगतात, "आमची सून माती धुते." त्यात काही खोटे नाही.

माणसाचे पूर्वज राहत होते तिथे रान होते की माळ, पाऊस किती होता, हे कळणार कसे? हत्ती-गेंड्यांची हाडे दिसायला भव्य, पण साक्षीदार म्हणून कच्ची. हत्ती कोसच्या कोस भटकतो, पाला मिळाला तर पाला, गवत मिळाले तर गवत. उंदराचे तसे नाही. त्याचा सगळा संसार एका शेताएवढ्या जागेत. आपल्याकडचा जर्बिल कोरड्या, मोकळ्या जमिनीत बिळे करतो, घुशीला ओल लागते, काही उंदीर झाडावरून खाली क्वचितच उतरतात. परिसर बदलला की ही मंडळी मुकाट्याने जागा सोडतात आणि दुसरी येतात. शिवाय प्रत्येक जातीच्या दाढेवरच्या उंचवट्यांची ठेवण वेगळी, त्यामुळे एका दाढेवरूनही बहुधा ओळख पटते.

एवढे दात एका ठिकाणी जमा कसे होतात? याचे श्रेय घुबडाला. गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेली हाडे-केस गोळी करून ओकून टाकते. गुहेतल्या एकाच कपारीत घुबडांच्या पिढ्यान्‌पिढ्या बसल्या की खाली हाडांचा थर साचतो. पण इथेच गोम आहे. घुबड जे पकडते ते त्याच्या आवडीचे, परिसरातले सगळे नव्हे. मोठे घुबड मोठी शिकार करते, गव्हाणी घुबड मोकळ्या जागेत. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर अँड्र्यूज यांनी १९९० साली एक पुस्तकच लिहिले, कोणत्या शिकाऱ्याच्या पोटातून गेलेले हाड कसे झिजते यावर. घुबडाच्या पोटातले आम्ल सौम्य, गरुड-ससाण्याचे तीव्र, कोल्ह्याने तर हाड चावलेलेच असते. म्हणून उंदीर मोजण्याआधी त्याला खाल्ले कोणी, हे ठरवावे लागते.

ऑल्डुवायची गोष्ट यासाठीच सांगण्यासारखी. टांझानियातल्या या घळीत मेरी लीकी यांना १९५९ साली "झिंज" ही प्रसिद्ध कवटी मिळाली. तिचे वय सुमारे १८ लाख वर्षे. त्याच थरांतल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. वरच्या थरांत जर्बिल वाढलेले दिसले, म्हणजे हवा कोरडी होत गेली. पुढे १९९८ साली अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच दात सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासले आणि शिकारी कोण होते ते आधी वेगळे काढले. कोरडेपणाची दिशा तीच राहिली, पण चित्र बदलले. झिंजच्या काळात तिथे दाट झाडी होती. नंतर ती विरळ झाली, तरी आजच्या सेरेंगेटीपेक्षा झाडे जास्तच होती. उघड्या माळावर भाला घेऊन उभा असलेला आदिमानव आपल्या सर्वांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. मला तरी वाटते, त्या चित्रकाराने उंदरांना विचारायला हवे होते.

दुसरे उदाहरण इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाचे. तिथल्या लिआंग बुआ गुहेत २००३ साली जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या मानवाचा सांगाडा सापडला. गुहेतल्या ओळखलेल्या हाडांत सुमारे ८० टक्के उंदरांची! चिमुकल्या उंदरापासून सशाएवढ्या उंदरापर्यंत. हाडांच्या मापांवरून २०१९ साली असे दिसले की सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीपर्यंत मोकळ्या गवतात राहणारे मध्यम आकाराचे उंदीर भरपूर होते, नंतर जंगलातले लहान उंदीर वाढले. नेमके त्याच सुमारास त्या गुहेतून ठेंगणे हत्ती, गिधाडे, मोठे करकोचे आणि हे ठेंगणे मानवही दिसेनासे होतात. ते संपले, की गवताच्या मागोमाग बेटावर दुसरीकडे गेले? उत्तरासाठी दुसऱ्या गुहा खणाव्या लागतील.

आणि आपले अंगण? शनिवार-रविवार आपण सहलीला जातो त्या पिंजोरचे नाव शिवालिकच्या एका खडकसमूहाला आहे. त्यात जर्बिल आणि गवत खाणारे झुडपी उंदीर मिळाले आहेत. त्याआधीच्या, पाकिस्तानातल्या पोतवार पठारावरच्या शिवालिक थरांत सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा अँटेमस मिळाला, घरातल्या उंदराच्या कुळाचा आद्य पुरुष म्हणा ना. साधारण ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी तिथे रान हटून उष्ण हवेतले गवत पसरले. त्याची खूण उंदरांच्या दातांतल्या कार्बनमध्येही सापडते.

नर्मदेकाठच्या हथनोऱ्याला १९८२ साली अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा भाग मिळाला. पण तो नदीने वाहून आणलेल्या गोट्यांच्या थरात होता. अशा थरात कुठले काय कुठून आले सांगता येत नाही, म्हणून आसपासच्या शांत गाळात उंदीर शोधावे लागतात.

कामाची रीत साधी आहे. गाळ पोत्यात भरून आणायचा, उन्हात कडक वाळवायचा, रॉकेलमध्ये आणि मग पाण्यात भिजवायचा. चिकणमाती आपोआप सुटते. अर्ध्या मिलीमीटरच्या चाळणीवर जे उरेल ते सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक कुंचल्याने निवडायचे. तांदूळ निवडल्यासारखेच, फक्त पोतेभर मातीतून कधी दोन दाढा मिळतात, कधी एकही नाही.

म्हणून आपणास एक विनंती. या टेकड्या घरे, रस्ते आणि खाणींसाठी भराभर कापल्या जात आहेत. ओढ्याच्या कडेला हाड दिसले तर उचलून शोकेसमध्ये ठेवू नका. शेजारी किल्ली किंवा पेन ठेवून फोटो काढा, जागेची खूण मोबाईलवर जतन करा आणि भूविज्ञान विभागाला कळवा. हाडाभोवतीची एक बादली माती आम्हाला हाडाइतकीच हवी असते.

मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक लावून ठेवला आहे. आरतीला अजून वीस मिनिटे आहेत. मुलांना पुढे येऊ द्या.