शांत रात्रीचं गाणं: देवासाठी एक अंगाई

 

डिसेंबर लागला की कॅरल्स कानावर यायला लागतात. मॉलमध्ये, रेडिओवर, लिफ्टमध्येसुद्धा. त्यामुळे अनेकांचा समज असा होतो की कॅरल म्हणजे आनंदाचं, टाळ्या वाजवायचं गाणं. तशी गाणी आहेतच, आणि ती मलाही आवडतात. पण आज मला एका वेगळ्या कॅरलबद्दल बोलायचंय. जर्मनमध्ये ‘श्टिले नाख्ट’, इंग्रजीत ‘सायलेंट नाईट’. मराठी चर्चमध्येही आपण ते आपल्या शब्दांत गातो.

आधी त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो.

योसेफ मोर नावाचा एक तरुण कॅथलिक पुरोहित होता. साल्झबुर्ग शहरात 1792 साली जन्मलेला, गरीब घरातला. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, वडील सैनिक. 1816 साली तो ऑस्ट्रियातल्या मारियाफार या डोंगराळ गावात होता, तेव्हा त्यानं ही कविता लिहिली. आता ते साल कसलं होतं बघा. नेपोलियनची युद्धं नुकतीच संपली होती. त्याच्या आदल्या वर्षी तिकडे इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता आणि त्याच्या राखेमुळे युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं बुडाली, लोक उपाशी राहिले. अशा वर्षी हा माणूस शांततेबद्दल लिहितोय. मूळ कवितेत सहा कडवी आहेत. आपण सहसा तीनच गातो. जी गळाली, त्यांतल्या एकात येशू भाऊ होऊन जगातल्या सगळ्या लोकांना कवेत घेतो, असा भाव आहे. युद्धातून बाहेर पडलेल्या माणसांना तो किती लागला असेल!

पुढच्या वर्षी मोर ओबेर्नडोर्फ या नदीकाठच्या गावात आला. 24 डिसेंबर 1818 ला त्यानं ती कविता फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तराच्या हातात दिली. ग्रूबर चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचे. मोर म्हणाला, याला दोन आवाजांसाठी चाल लावा, साथीला गिटार. त्याच रात्री दोघांनी ते गायलं. मोरच्या हातात गिटार आणि वरचा आवाज, ग्रूबर यांचा खर्जातला.

उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण ग्रूबर यांनी 1854 साली या गाण्याची हकिगत स्वतः लिहून ठेवली, तिच्यात ना उंदीर आहेत, ना बिघडलेला ऑर्गन. मला तर वाटतं, गिटारच हवी होती. कारण हे गाणं म्हणजे अंगाई आहे. त्याची लय झोळीला झोका दिल्यासारखी आहे. अंगाईला कुणी मोठा बाजा वाजवत नाही.

आणि इथंच हे गाणं मला फार आपलं वाटतं. महाराष्ट्रात देवाला पाळण्यात घालून गाणं काही नवीन नाही. रामनवमीला भर दुपारी, गोकुळाष्टमीला मध्यरात्री, बायका पाळण्याची दोरी धरून गातात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि भजनात आणली, ती याच मातीतल्या सवयीवर. देवापुढे हात पसरणं सगळ्यांना माहीत असतं. पण देवालाच मांडीवर घेऊन ‘नीज आता’ म्हणायचं, याला वेगळंच धाडस लागतं. एरवी आपण म्हणतो, देवा, मला सांभाळ. इथं देव इतका लहान झालाय की त्यालाच सांभाळावं लागतंय. माझ्या मते नाताळचा सगळा अर्थ या एका गोष्टीत आहे.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझे वडील गेले ते नोव्हेंबरात. त्या नाताळात आम्ही घरावर चांदणी लावली नाही, करंज्या केल्या नाहीत. रात्री कॅरल्सवाली मंडळी गल्लीत आली. ढोलकी लांबूनच ऐकू येत होती. आमच्या दारापाशी आल्यावर ती थांबली. वडिलांच्या बरोबरचे एक गृहस्थ पुढे आले आणि हळूच म्हणाले, “वहिनी, गायचं का? की नुसती प्रार्थना करून निघू?”

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “गा. पण ढोलकी नको.”

त्यांनी हेच गाणं गायलं. अगदी खालच्या पट्टीत, साथीशिवाय. आई गायली नाही. पण तिचं अंग हलत होतं, मांडीवर मूल असल्यासारखं. दुःख काही कमी झालं नाही. पण महिन्याभरात पहिल्यांदाच तिला कुणी ‘सावरा, धीर धरा’ असं काही सांगितलं नव्हतं. एका लेकराला निजवायचं होतं, आणि तेवढं तिला जमत होतं.

1914 च्या नाताळात बेल्जियमच्या खंदकांमध्ये जर्मन सैनिकांनी हे गाणं गायलं आणि पलीकडून इंग्रज सैनिकांनीही आपली कॅरल्स म्हटली, हे त्यांच्या पत्रांमध्ये आहे. काही ठिकाणी दोन्हीकडचे लोक मधल्या मोकळ्या जागेत येऊन भेटले, आपापले मृत पुरले. युद्ध त्यामुळे थांबलं नाही, ते आणखी चार वर्षं चाललं. गाण्याकडून तेवढी अपेक्षा करूही नये. पण त्या रात्री जे गात होते, त्यांना गाता गाता गोळी झाडता आली नाही, एवढं खरं.

म्हणून यंदा कॅरल्सला निघणाऱ्या सगळ्या मुलामुलींना माझं एकच सांगणं आहे. तुमच्या यादीत ज्या घरात दुःख झालंय, ते घर गाळू नका. आधी विचारा. नको म्हणाले तर प्रार्थना करून या. हो म्हणाले, तर ढोलकी बाजूला ठेवा, आवाज खाली आणा आणि घाई करू नका. चहासाठी थांबवलं, तर थांबा.

आणि जे श्रोते स्वतःच अशा घरात बसून हे ऐकताहेत, त्यांना सांगतो, यंदा आनंदी दिसायची सक्ती नाही. पहिल्या नाताळच्या रात्रीही त्या आईबापाला धड जागा मिळाली नव्हती. तुमचं घर अंधारात असलं तरी तिथं बाळाला ठेवायला जागा आहे.

नाताळ तुम्हा सर्वांना शांतीचा जावो. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.