नव्या शहरात भाडेकरू की नागरिक?



पुण्याहून बंगळूरला जाऊन मी तिथे कशी रुळले, ते सांगायला मला बोलावलंय. तुमच्यापैकी कुणी इंजिनिअरिंग करतंय, कुणी फार्मसी, कुणी नर्सिंग. उद्या नोकरीसाठी बंगळूर, हैदराबाद, मुंबई असं कुठेतरी जालच. म्हणून उपयोगाचं तेवढंच बोलते.

आधी घर, कारण तुमच्या मनात तोच प्रश्न असणार. देशात कुठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेचं कलम १९ देतं. पण तो हक्क सरकारपुढे चालतो. खाजगी घरमालक 'नाही' म्हणाला, तर त्याला अडवणारा सरळ कायदा आपल्याकडे नाही. २००५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा नियम वैध ठरवला. हे माहीत असलेलं बरं. मग नकार आला की आपलंच काही चुकलं, असं वाटत नाही.

मला नाव ऐकून नकार मिळाले. 'फक्त फॅमिलीला देतो', 'व्हेजिटेरियनच हवेत', 'कालच गेलं हो'. शब्द वेगळे, अर्थ तोच. मग अब्बा म्हणाले, आपल्या लोकांच्या वस्तीत बघ. तिथे नावाची अडचण नव्हती. पण पहिला प्रश्न यायचा, 'साथ में कौन रहेगा? वालिद? भाई?' एकटी राहणार म्हटलं की तिथलंही दार बंद.

पहिल्या नकाराबद्दल आपण जाहीरपणे बोलतो, आणि बोललंच पाहिजे. दुसऱ्याबद्दल घरातसुद्धा बोलत नाही. जो समाज बाहेर बरोबरीची वागणूक मागतो, त्याने आपल्या गल्लीत कमावत्या मुलीला एक खोली भाड्याने द्यायला नको का?

व्यवहाराच्या गोष्टी सांगते. पहिल्याच फोनवर पूर्ण नाव आणि एकटे राहणार की कसं, ते सांगून टाका. नकार लवकर मिळतो आणि रविवार वाचतो. डिपॉझिटची तयारी ठेवा. बंगळूरमध्ये दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून घ्यायची जुनी रीत आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय ती लागू होत नाही. घर सोडताना रंगकामाच्या नावाने महिन्याभराचं भाडं कापतात, तेही करारात आधी वाचा.

मला शेवटी घर दिलं ते बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. भाडं पाच तारखेच्या आत येईल ना? आणि पाणी जपून वापराल ना? दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ मला पुढे कळला.

आता भाषा. बंगळूरच्या आयटीत कन्नड न शिकता दहा वर्षं निघतात. ऑफिसात इंग्रजी, सुट्टीच्या दिवशी महाराष्ट्राची मंडळी. आपल्याला आणखी एक सोय असते, तिथल्या बऱ्याच मुस्लिमांची दखनी. 'नक्को' ऐकलं की सोलापूर-लातूरची आठवण येते, आणि ती येणारच. तो आपलाच 'नको' आहे. 'ऐसाइच' मधला 'च'सुद्धा मराठीकडून गेलेला.

मराठी मंडळींतही गेले. तिथे ते नेहमीचं वाक्य भेटलं, 'अय्या, तुम्ही मराठी किती छान बोलता!' तुम्हा सगळ्यांना ते पाठ असेल. मी म्हणते, 'तुम्हीपण छान बोलता.' पुढच्या वेळी ते आपोआप नीट बोलतात.

पण दखनी आणि मराठी, दोन्हींत माया मिळाली तरी बसवरची पाटी वाचता येत नव्हती. म्हणून रोज अर्धा तास कन्नड लिपी गिरवली. भाषा वाटते तेवढी परकी नाही. तूप म्हणजे तुप्पा, अक्का म्हणजे अक्काच. 'बेकु' म्हणजे हवं, 'बेडा' म्हणजे नको. चुकत बोललात तरी समोरचा हसून सुधारतो. महाराष्ट्रात येणाऱ्याने मराठी शिकावी असं आपल्याला वाटतं ना? मग तोच न्याय आपल्यालाही लागू.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. ती कंटाळवाणी आहे, तरी ऐका. आपली मुलं आठ-आठ वर्षं दुसऱ्या शहरात राहतात आणि मत मात्र गावच्या यादीत. मतदानाच्या दिवशी सुट्टी मिळत नाही, मत वाया जातं. पत्ता बदलल्यावर मतदार यादीतलं नाव हलवायला फॉर्म ८ भरायचा. तो ऑनलाइन भरता येतो. पत्त्याचे इतरही उपयोग आहेत. जून २०२३ मध्ये कर्नाटकात महिलांना सरकारी बसमध्ये मोफत प्रवास देणारी 'शक्ती' योजना सुरू झाली. ती राज्यातल्या रहिवासी महिलांसाठी आहे, तिथला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. शेजारची मुलगी तिकीट काढत होती, मी काढत नव्हते. फरक फक्त आधार कार्डावरच्या पत्त्याचा होता.

आणि आता पाणी. बंगळूरला कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणतात. शहराच्या कडेच्या अनेक भागांत ते पोहोचतच नव्हतं, तिथे बोअरवेल आणि टँकर. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटले. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड लागला. आमच्या इमारतीत तोवर जिन्यात भेटलो तर मान हलवण्यापुरतीच ओळख. मार्चमध्ये सगळे गच्चीवर जमले. टँकर कुणी बोलवायचा, पैसे कसे वाटायचे, कुठला नळ गळतोय? मी साध्या शीटवर रोजचा हिशेब ठेवला आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये टँकरवाल्याशी बोलले. त्या महिन्यात मला कुणी 'आप लोग' म्हणालं नाही. टाकी सगळ्यांची एकच होती.

तक्रार घेऊन नगरसेवकाकडे जावं, तर नगरसेवकच नव्हता. तिथल्या महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकाचाच कारभार. मग वीस जणांच्या सह्यांचा अर्ज घेऊन आम्ही पाणीपुरवठा मंडळाच्या कार्यालयात गेलो. फार मोठं काही घडलं नाही. गळकी वाहिनी तेवढी दुरुस्त झाली. पण त्या अर्जावर माझी सही होती, माझ्या पूर्ण नावाने.

बंगळूरमध्ये एक वाक्य सारखं ऐकू येतं, 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि'. जरा जुळवून घ्या. आपल्या मुलामुलींना हे वेगळं शिकवावं लागत नाही. नाव हळू सांगायचं, डबा कोपऱ्यात उघडायचा, वाद नको म्हणून गप्प बसायचं. मी या जुळवून घेण्याबद्दल बोलत नाहीये. भाषा शिका, रांगेत उभे राहा, पाणी जपा, शेजाऱ्याच्या अडचणीला जा. एवढं जुळवून घेणं प्रत्येक नव्या माणसाचं कामच आहे. नाव लपवणं हे कुणाचंच काम नाही.

तुम्ही जिथे जाल तिथे पहिल्या सहा महिन्यांत तीन गोष्टी करा. यादीत नाव हलवा, तिथल्या भाषेत बाजारहाट करण्याइतकं बोलायला शिका, आणि इमारतीची किंवा वॉर्डाची एक तरी बैठक चुकवू नका. आणि ज्यांच्या घरी रिकामी खोली आहे, त्यांनी एकटी मुलगी विचारायला आली तर तिला दोनच प्रश्न विचारा. भाडं वेळेवर येईल ना? पाणी जपून वापरशील ना?