जुनी हत्यारे आणि त्यांचे धनी

मुंबईच्या रस्त्यांवरून विजेची ट्राम धावणार हे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेपुढे एक विलक्षण पेच उभा राहिला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील सूक्ष्म चढउतार तेथे साठ वर्षे नोंदले जात होते आणि विजेच्या प्रवाहाने त्या नोंदी बिघडणार हे उघड होते. संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत मग अलिबागची जागा मुक्रर झाली. चुंबकास न बाधणाऱ्या पोरबंदरी दगडाची इमारत उभी राहिली व १९०४ पासून तेथे मापन सुरू झाले. परंतु कुलाब्याची उपकरणे त्याच दिवशी थांबविली गेली नाहीत. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापन होत राहिले. दोहोंतील फरक किती, हे निश्चित कळले. आणि मगच १९०६ मध्ये कुलाब्याच्या नोंदी बंद झाल्या. त्यामुळे नोंदींची परंपरा तुटली नाही.

नवे आले म्हणजे जुने जावयाचे, हा जगाचा क्रमच आहे. प्रश्न एवढाच, की ते केव्हा व कसे जावे हे ठरवावयाचे कोणी? अलिबागेस तो निर्णय ज्यांना नोंदींचे मोल ठाऊक होते त्यांनीच घेतला. संगणकाच्या जगात तो पुष्कळदा विकणारा घेतो.

संगणकास द्यावयाच्या आज्ञा ज्या भाषेत लिहितात ती भाषा, व तिचे यंत्रास कळेल असे रूपांतर करणारे साधन, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचे हत्यार होय. सुताराची पटाशी बनविणारा कारखाना बुडाला तरी ती लाकूड कोरतच राहते. हे हत्यार मात्र भोवतालचे यंत्र बदलले की बोथट होते, आणि त्यास पुन्हा धार लावण्याचा अधिकार बहुधा एकट्या मालकाकडे असतो.

फॉक्सप्रोचेच उदाहरण घ्यावे. १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील गावोगावच्या संगणकवर्गांत हे साधन शिकविले जात असे. दुकानांची खाती, पतपेढ्यांचे हिशेब, पगारपत्रके अशी कितीतरी कामे त्यात लिहिली गेली. ते निर्माण करणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही अमेरिकन कंपनी १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. आणि त्याच वर्षी माहिती साठविण्याचे आपले स्वतःचे ॲक्सेस हे साधनही बाजारात आणले. एकाच घरात दोन प्रतिस्पर्धी नांदू लागले. फॉक्सप्रोच्या नव्या आवृत्त्या पुढेही निघाल्या, परंतु २००४ ची नववी आवृत्ती अखेरची ठरली. दहावी निघणार नाही, असे मार्च २००७ मध्ये जाहीर झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये दुरुस्तीचा आधारही संपला. साधन निरुपयोगी झाले होते असे नव्हे. मालकाच्या योजनेत त्यास स्थान उरले नव्हते.

व्हिज्युअल बेसिकची कथाही याच धर्तीची. १९९८ ची सहावी आवृत्ती अतिशय लोकप्रिय झाली. २००२ मध्ये नाव तेच ठेवून जे नवे साधन आले, त्यात जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालेनात. २००५ मध्ये अनेक जाणकारांनी जुन्या साधनाची जोपासना चालू ठेवावी असा विनंतिअर्ज केला. तो फळास आला नाही. तयार प्रोग्राम चालविण्याची सोय मात्र कंपनीने राखली, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे.

यात विकणाऱ्यास केवळ दोष देणे योग्य नव्हे. एकदा विकलेल्या साधनावर गिऱ्हाईक वर्षानुवर्षे समाधानी राहिले, तर नवे उत्पन्न येत नाही. उलट दुरुस्तीचा खर्च मात्र चालूच राहतो. व्यापाऱ्याने आपला हिशेब पाहावा हे स्वाभाविक आहे. गिऱ्हाइकाने स्वतःचा हिशेब न पाहणे, ही खरी चूक.

याच्या उलट फोरट्रान पाहावी. आयबीएम कंपनीत जन्मलेली ही भाषा १९५७ मध्ये लोकांपुढे आली. परंतु १९६६ मध्ये तिचे प्रमाण स्वरूप अमेरिकेत ठरले आणि ती कोणा एकाची उरली नाही. २०२४ मध्ये इंटेलने आपले जुने फोरट्रान साधन बंद केले, तरी कोणावर आकाश कोसळले नाही; कारण इंटेलचेच नवे साधन होते, इतर कंपन्यांची होती, आणि सर्वांस मोकळे असलेले साधनही होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे जे आंतरराष्ट्रीय गणिती प्रतिमान शास्त्रज्ञ वापरतात, त्याचे गणित करणारे प्रोग्राम या भाषेतही उपलब्ध आहेत. फोरट्रान वयाने फॉक्सप्रोहून कितीतरी वडील. तरी ती टिकली. यावरून दिसते, की अशा हत्याराचे आयुष्य त्याच्या वयावर तितके अवलंबून नसते, जितके त्याच्या मालकीवर असते.

तेव्हा कोणत्याही पेढीने वा कार्यालयाने नवे साधन घेताना किंमत व गुण यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: उद्या मालकाने हात काढून घेतला तर ते दुसरा कोणी चालवू शकेल काय, आणि आपली माहिती त्यातून सुखरूप बाहेर काढता येईल काय? बदलाची वेळ आलीच, तर जुने व नवे काही काळ शेजारी शेजारी चालवून दोहोंचा मेळ घालावा. कुलाब्याच्या नोंदी अलिबागेस पोहोचल्या, त्या याच वाटेने.