वेल्समधील कुलशोध आणि थोरांशी सांगितलेले नाते

मराठी समाजाला कुलवृत्तांत नवा नाही. घराण्याचे मूळ गाव, कुलदैवत, शाखा आणि पिढ्या यांची संगतवार नोंद करणारे ग्रंथ विसाव्या शतकात महाराष्ट्रात मोठ्या संख्येने सिद्ध झाले, आणि त्या सर्वांचा पाया स्थिर आडनाव हा होता. परंतु जेथे आडनाव पिढीगणिक बदलत असे, आणि ते स्थिर झाले तेव्हा एकमेकांशी संबंध नसलेल्या हजारो कुटुंबांच्या वाट्याला तेच एक आडनाव आले, तेथे कुलशोध कोणत्या आधारावर करावा, या प्रश्नाचा विचार ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स या देशाच्या उदाहरणावरून उत्तम रीतीने करता येतो. वेल्समधून माणसे इंग्लंडात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि कंपनी सरकारच्या चाकरीत हिंदुस्थानात गेली, व त्यांच्या वंशजांच्या घरांत एखाद्या प्रसिद्ध पुरुषाशी रक्ताचे नाते असल्याची आख्यायिका अनेकदा पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. अशा आख्यायिकेची परीक्षा नावाच्या साम्यावर न करता ठिकाणाच्या आणि अखंड पिढ्यांच्या पुराव्यावर केली पाहिजे, आणि तशी परीक्षा केल्यावर ती खोटी ठरली तरी तिचा अभ्यास वाया जात नाही, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

वेल्श लोकांचे वंशावळीवरील प्रेम केवळ अभिमानातून निर्माण झालेले नाही. त्याचे मूळ कायद्यात आहे. दहाव्या शतकातील राजा हवेल द्दा याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्श कायद्यानुसार बापाची जमीन सर्व मुलांत वाटली जाई, ते भाऊ वारल्यावर चुलत भावांना ती पुन्हा वाटून घेता येई, आणि त्यांच्यानंतर समान पणजोबा असलेल्या भाऊबंदांनाही फेरवाटणीचा हक्क असे. त्याचप्रमाणे खून झाल्यास 'गलानस' नावाची भरपाई द्यावी लागे, आणि तिचा भार खुन्याच्या पितृपक्षाच्या व मातृपक्षाच्या दूरवरच्या नातलगांवर पडत असे. ज्याला आपले भाऊबंद सांगता येत नसत त्याला जमिनीवरचा हक्कही सिद्ध करता येत नसे, म्हणून वंशावळ ही त्या समाजात दस्तऐवजाच्या जागी होती. साध्या माणसांनाही सहा-सात पिढ्यांपर्यंतचे पूर्वज तोंडपाठ असतात, असे बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मोपदेशक लेखकाने नोंदवले आहे. आश्रयदात्यांच्या वंशावळी जतन करणे हे कवींचेही काम होते, आणि अशा हस्तलिखितांतील सामग्री संगतवार लावण्याचे प्रचंड कार्य विसाव्या शतकात पीटर बार्ट्रम या संशोधकाने केले.

पुढे दोन घटनांनी वंशावळीचा अर्थ बदलला. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईनंतर हेन्री ट्यूडर इंग्लंडच्या गादीवर आला, तेव्हा राजघराण्याचेच मूळ वेल्श असल्यामुळे वेल्श सरदारांना आपली कुळे प्राचीन राजांपर्यंत नेण्यात प्रतिष्ठा वाटू लागली. नंतर १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत सामावला गेला आणि जमिनीची जुनी वाटणी रद्द झाली, त्यामुळे वंशावळीचे कायदेशीर प्रयोजन संपून केवळ मानाचे प्रयोजन उरले. हक्कासाठी सांगितलेली वंशावळ भाऊबंद तपासून पाहत असत. मानासाठी सांगितलेली वंशावळ तपासण्यात कोणाचाच लाभ नव्हता, आणि थोरांशी नाते जोडणाऱ्या आख्यायिकांना येथे मोकळे रान मिळाले.

या आख्यायिका बहुधा आडनावावर उभ्या असतात, म्हणून वेल्श नावांची रीत समजून घेणे आवश्यक आहे. पूर्वी वेल्समध्ये मुलाच्या नावापुढे 'अप' किंवा 'अब', म्हणजे 'चा मुलगा', आणि मुलीच्या नावापुढे 'वेर्ख', म्हणजे 'ची मुलगी', असे लावून बापाचे नाव जोडले जाई. हे शब्द पुढे गळून पडले किंवा नावात मिसळले, आणि त्यातूनच 'अप ऱ्हीस' याचे 'प्राइस', 'अप हवेल' याचे 'पॉवेल', 'अब इव्हान' याचे 'बेव्हन' व 'अब ओवेन' याचे 'बोवेन' झाले. सरदार घराण्यांत आडनाव सोळाव्या शतकापासून स्थिर होऊ लागले, तरी ग्रामीण भागातील सामान्य कुटुंबांत जुनी रीत अठराव्या शतकात आणि काही ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू राहिली. त्यामुळे जॉन इव्हान याचा मुलगा विल्यम जॉन, आणि त्याचा मुलगा टॉमस विल्यम, अशी तीन पिढ्यांत तीन आडनावे दिसतात, व ज्या पिढीत नाव गोठले त्या पिढीतील बापाचे नाव पुढच्या सर्वांचे आडनाव झाले. प्रचारातील व्यक्तिनामे मोजकीच असल्याने जोन्स, विल्यम्स, डेव्हिस, इव्हान्स, टॉमस ही आडनावे सर्वत्र पसरली. म्हणून वेल्समध्ये दोन माणसांचे आडनाव एक असणे हा नात्याचा पुरावा होत नाही, आणि आडनाव भिन्न असणे हा नाते नसल्याचाही पुरावा होत नाही.

नाव निरुपयोगी ठरते तेथे ठिकाण उपयोगी पडते. वेल्श गावांत माणसाची ओळख त्याच्या शेतघराच्या नावावरून, व्यवसायावरून आणि तो ज्या चॅपेलात प्रार्थनेला जाई त्यावरून होत असे. चॅपेल म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथांचे प्रार्थनागृह. वेल्श कुलशोध हा या ओळखखुणांच्या आधारे ज्ञात व्यक्तीपासून मागे, एकेक पिढी सिद्ध करीत जातो. जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, आणि जन्माच्या दाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव असल्यामुळे एकाच गावातील अनेक जॉन जोन्स त्यावरून वेगळे करता येतात. १८४१ च्या जनगणनेपासून घरोघरच्या व्यक्तींची नावे मिळतात, पण त्या वर्षी पंधरा वर्षांवरील व्यक्तींची वये सामान्यतः पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली गेली. १८५१ पासून जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चचा स्थानिक विभाग, आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते यांची नोंद होऊ लागली, आणि मागच्या पिढीकडे जाण्याची वाट बहुधा येथूनच निघते.

१८३७ पूर्वीच्या काळासाठी पॅरिशची दफ्तरे हा मुख्य आधार आहे. ती ठेवण्याची आज्ञा १५३८ मध्ये निघाली, परंतु इतकी जुनी दफ्तरे वेल्समध्ये फार थोड्या ठिकाणी टिकली आहेत. चॅपेलात जाणाऱ्या कुटुंबांचे बाप्तिस्मे तेथील वह्यांत शोधावे लागतात, मात्र १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर व यहुदी वगळता सर्वांना विवाह अधिकृत चर्चमध्येच करणे बंधनकारक होते, म्हणून चॅपेलातील माणसांचे विवाह पॅरिशच्या दफ्तरात सापडतात. याहून बोलका पुरावा मृत्युपत्रांचा आहे. १८५८ पूर्वी वेल्समधील धर्मन्यायालयांनी मान्य केलेली १,९०,००० हून अधिक मृत्युपत्रे अॅबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांत शेताचे नाव, मुलेबाळे, जावई आणि पुतणे एकत्र येत असल्यामुळे, बापलेकांची आडनावे वेगळी असली तरी त्यांचे नाते तेथे स्पष्ट होते. देश सोडून गेलेल्यांचा माग याच पद्धतीने पुढे न्यावा लागतो, आणि त्यात महाराष्ट्राचाही संबंध येतो. कारण मुंबई इलाख्यातील युरोपीय लोकांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात असत व त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबईत किंवा पुण्यात वारलेल्या वेल्श शिपायाचा शोध त्यांच्या आधारे घेता येतो.

आता प्रसिद्ध पुरुषांशी जोडलेल्या नात्यांकडे वळावे. कॅरिबियन समुद्रातील लुटारू दर्यावर्दी हेन्री मॉर्गन याचा जन्म सुमारे १६३५ मध्ये दक्षिण वेल्समध्ये झाला. त्याने १६७१ मध्ये पनामा लुटले, पुढे त्याला सर ही पदवी मिळाली, तो जमेकाचा उपराज्यपाल झाला आणि १६८८ मध्ये तेथेच वारला. मॉर्गन आडनावाच्या एखाद्या कुटुंबाने त्याचे वंशज असल्याचे सांगितले, तर त्या दाव्याचे दोन भाग करणे आवश्यक आहे. पहिला भाग सरळ वंशाचा असून तो टिकत नाही, कारण त्याला औरस संतती नव्हती. दुसरा भाग त्याच्या भावकीचा आहे. तो मुळातच अशक्य नाही, परंतु मॉर्गन हे त्या प्रदेशातील प्रचलित व्यक्तिनाम असल्याने केवळ आडनावाने तो सिद्ध होत नाही. खुद्द मॉर्गनलाही आपल्या कुळाविषयीच्या अफवेशी झुंजावे लागले होते. एक्सक्वेमेलिन या लेखकाच्या लुटारूंवरील पुस्तकाच्या १६८४ मधील इंग्रजी आवृत्तीत तो करारबद्ध नोकर म्हणून वेस्ट इंडीजला गेल्याचे छापले गेले, तेव्हा त्याने प्रकाशकांवर अब्रूनुकसानीचा दावा लावून तो जिंकला. त्याच्या दफनभूमीचा भाग १६९२ च्या भूकंपात समुद्रात गेला. त्याच्या नात्यागोत्याचा अभ्यास आज कागदपत्रांवरच अवलंबून आहे.

ऑलिव्हर क्रॉमवेल याचे उदाहरण उलट दिशेचे आहे, कारण येथे आडनाव इंग्रजी असून पुरुषवंश वेल्श आहे. ग्लॅमॉर्गनमधून येऊन लंडनजवळच्या पटनी येथे स्थायिक झालेल्या मॉर्गन अप विल्यम याने आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या बहिणीशी, कॅथरिनशी, विवाह केला. त्यांचा मुलगा रिचर्ड याने प्रभावशाली मामाचे आडनाव घेतले, आणि रिचर्डचा मुलगा हेन्री, त्याचा रॉबर्ट व रॉबर्टचा ऑलिव्हर, असा हा वंश चालला. काही कायदेशीर कागदांत या घराण्याचा उल्लेख 'क्रॉमवेल ऊर्फ विल्यम्स' असा येतो. परंतु एखाद्या विल्यम्स कुटुंबाने एवढ्यावरून क्रॉमवेलशी नाते सांगितले तर ते तर्काला धरून नाही. विल्यम्स याचा अर्थ कोणा एका विल्यमचा मुलगा इतकाच आहे, आणि मॉर्गनला भाऊ असते तर जुन्या रीतीप्रमाणे त्यांच्या मुलांनी आपापल्या बापांची नावे लावली असती. क्रॉमवेलचे वेल्समधील पुरुषवंशीय भाऊबंद भलत्याच आडनावांखाली असण्याचा संभव म्हणूनच अधिक आहे.

तिसरे उदाहरण भारतीय वाचकाला जवळचे आहे. कोलकात्यात १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटीची स्थापना करणारे आणि कालिदासाचे 'शाकुंतल' इंग्रजीत आणणारे सर विल्यम जोन्स लंडनमध्ये जन्मले, परंतु त्यांचे वडील विल्यम जोन्स हे उत्तर वेल्समधील अँगलसी बेटावरचे होते. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी 'पाय' हे चिन्ह १७०६ मध्ये प्रथम वापरणारे गणिती ते हेच होत. या गणितज्ञाच्या वडिलांचे नाव शॉन शोर, म्हणजे जॉर्जचा मुलगा जॉन, असे होते. 'जोन्स' हे त्या घराण्याचे प्राचीन आडनाव नसून जॉनच्या मुलाने लावलेले बापाचे नाव आहे. ते एका पिढीच्या बापाच्या नावावरून आलेले असल्याने, जगातील इतर जोन्स कुटुंबांशी या घराण्याचे नाते त्या नावाने मुळीच स्थापित होत नाही. सर विल्यम यांना अपत्य नसल्यामुळे त्यांच्या थेट वंशजत्वाचा दावाही मॉर्गनच्या दाव्याप्रमाणेच बाद ठरतो. मात्र याच कुटुंबाच्या बाबतीत जुनी प्रथा उपयोगी पडली. अँगलसीचे कवी व सर्वेक्षक लुईस मॉरिस यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास गणितज्ञ जोन्स यांना नववर्षाची भेट म्हणून दोघांचे नाते दाखवणारी वंशावळ पाठवली. नातलगांनी एकमेकांना अशी भेट देण्याची बेटावर रीत आहे, असे त्यांनी त्या पत्रात लिहिले होते, आणि सर विल्यम यांच्या १८०४ च्या चरित्रात ते पत्र छापले गेले. नावाने तुटलेला धागा स्थानिक स्मृतीने येथे जोडला गेला.

काही दावे ना सिद्ध होतात ना असिद्ध, आणि त्यांची नोंद कशी ठेवावी याचा पाठ अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांनी घालून दिला आहे. आपले पूर्वज वेल्समधील स्नोडन पर्वताच्या परिसरातून आले, ही गोष्ट त्यांनी आत्मचरित्रात वडिलांच्या घराण्यातील परंपरा म्हणूनच मांडली आहे. परंपरा ती परंपरा आणि पुरावा तो पुरावा, ही सीमारेषा त्यांनी पुसली नाही.

या उदाहरणांवरून एक कार्यपद्धती निष्पन्न होते. थोर पुरुषापासून खाली येणारी साखळी कधीही आधी रचू नये. ज्ञात पिढीपासून वर जाणारी साखळी रचावी आणि ती त्या पुरुषापर्यंत पोचते की नाही ते पाहावे. दाव्याचे सरळ वंश, भावकी, विवाहसंबंध आणि केवळ सहवास असे भाग करावेत, कारण नोकर, कूळ किंवा शेजारी म्हणून असलेला संबंध काही पिढ्यांनंतर रक्ताचा संबंध म्हणून सांगितला जाण्याचा संभव असतो. जनुकीय चाचणी दोन व्यक्तींमध्ये नाते आहे का हे दाखवू शकते, परंतु समान पूर्वजाचे नाव ती सांगत नाही. ते नाव अखेर दफ्तरातूनच मिळवावे लागते. आख्यायिका मात्र टाकून देऊ नये. ती कोणी, केव्हा आणि कोणाकडून ऐकून सांगितली हे लिहून ठेवावे, कारण दावा खोटा निघाला तरी तिच्यात एखाद्या पॅरिशचे, शेतघराचे किंवा स्थलांतराचे खरे स्मरण असू शकते, आणि वेल्श कुलशोधात अशा एका ठिकाणनामाचे मोल प्रसिद्ध आडनावाहून फार अधिक आहे. कुलवृत्तांत लिहिणाऱ्याने, मग तो वेल्समधला असो वा महाराष्ट्रातला, सिद्ध, संभाव्य आणि श्रुत अशा तीन गोष्टी तीन ठिकाणी मांडल्या, तर त्याच्या नंतरच्या संशोधकाला कोठून पुढे जायचे ते कळेल, आणि घराण्याचा इतिहास पुढील पिढ्यांच्या विश्वासाला पात्र ठरेल.