अग्रक्रमाचा प्रश्न : घोडनदीच्या खोऱ्यातील अनुभव

(अवसरी बुद्रुक येथील ग्रामस्थांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने आपले नाव दिले, ते मूळ आंबेगाव आज तालुक्यात उभे नाही. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो आणि जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात विसावले आहे. या जलाशयाला याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव देण्यात आले आहे. जलाशयातून निघणारे पाणी कालव्यांनी व नदीच्या पात्राने पूर्वेकडील शिवारांत पोचते. एका गावाने जागा सोडली तेव्हा दुसऱ्या गावांच्या शेताला पाणी मिळाले, ही गोष्ट राज्याच्या दीर्घ मुदतीच्या प्रकल्पांचा विचार करताना प्रथम ध्यानात ठेवली पाहिजे.

राज्यातील प्रत्येक गावाला धरण, रस्ता, पूल, रुग्णालय किंवा महाविद्यालय हवे असते. यांपैकी बहुतेक मागण्या योग्यच असतात. परंतु त्या सर्वांना एकाच वर्षी पुरेल इतका पैसा कोणत्याही राज्याच्या तिजोरीत नसतो. त्यामुळे शासनापुढे खरा प्रश्न उरतो तो क्रमाचा. आधी काय करावयाचे, मागाहून काय, आणि हा क्रम कोणत्या कसोटीवर ठरवावयाचा?

महसुली व भांडवली खर्च

राज्याच्या अर्थसंकल्पात खर्चाचे दोन मुख्य भाग असतात. वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने व दैनंदिन कारभार यांवरचा खर्च महसुली होय. ज्यातून टिकाऊ मत्ता निर्माण होते तो खर्च भांडवली. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर वर्षाचे बी-बियाणे, मजुरी व घरखर्च हा महसुली खर्च आणि नवी विहीर खोदणे हा भांडवली खर्च. विहिरीसाठी कर्ज काढणे शहाणपणाचे ठरू शकते, कारण तिचे पाणी अनेक वर्षे कर्ज फेडण्यास हातभार लावते. मात्र घरखर्च वाढत गेला की पहिली काटछाट विहिरीच्या कामावर येते. राज्याचेही तसेच आहे. वेतन आणि व्याज टाळता येत नाही. धरणाच्या भिंतीचे काम मात्र एक वर्ष पुढे ढकलता येते.

कर्जालाही सीमा आहे. संविधानाच्या अनुच्छेद २९३ नुसार केंद्राचे देणे शिल्लक असलेल्या राज्याला नवे कर्ज काढण्यासाठी केंद्राची संमती घ्यावी लागते. शिवाय महाराष्ट्राने २००५ मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा करून स्वतःवर शिस्तीचे बंधन घालून घेतले. २०२०-२१ पासून केंद्र शासन भांडवली कामांसाठी राज्यांना ५० वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज देऊ लागले, ही त्यातली उपयुक्त भर होय.

मागणीपासून मंजुरीपर्यंत

मोठा प्रकल्प एका घोषणेने जन्माला येत नाही. प्रथम सर्वेक्षण व अन्वेषण होते. नदीत भरवशाचे पाणी किती, पायाचा खडक कसा, बुडीत क्षेत्र किती व लाभक्षेत्र किती, याचा अहवाल तयार होतो. पुढे प्रशासकीय मान्यता मिळते, म्हणजे काम करावे आणि अमुक खर्चाच्या मर्यादेत करावे असे शासन ठरविते. तांत्रिक मान्यतेने आराखड्याची व अंदाजपत्रकाची तपासणी पूर्ण होते. त्यानंतर अर्थसंकल्पीय तरतूद, निविदा आणि प्रत्यक्ष काम. भूसंपादन व पुनर्वसन यांची वाटचाल या साऱ्यांबरोबर चालू असते. राज्यातील जलसंपत्तीच्या प्रकल्पांना २००५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कसोटीतूनही जावे लागते.

प्रकल्पाची निवड करताना लाभ-व्यय गुणोत्तर पाहण्याची प्रथा आहे. रुपयाच्या खर्चामागे दीड रुपयाचा लाभ अपेक्षित असावा असा सर्वसाधारण दंडक असून अवर्षणप्रवण भागासाठी एकास एक हे प्रमाणही स्वीकारण्यात आले. ही सवलत अर्थपूर्ण आहे. केवळ नफ्याचा हिशेब केला असता तर जेथे पाऊस मुळात अधिक आणि जमीन मुळात सुपीक, तेथेच सारे प्रकल्प गेले असते.

पाच धरणांचा क्रम

या कसोट्या प्रत्यक्षात कशा उतरतात ते कुकडी प्रकल्पात स्पष्ट दिसते. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर श्री. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पाटबंधारे आयोगाने १९६२ मध्ये राज्याच्या पाण्याचा एकत्रित विचार मांडला. त्याच दशकात कुकडी प्रकल्पाने आकार घेतला. कुकडीवर येडगाव व माणिकडोह, मीना नदीवर वडज, आर नदीवर पिंपळगाव जोगे आणि घोडनदीवर डिंभे अशी ही पाच धरणे. जुन्नर, आंबेगाव व शिरूर. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे व कर्जत. आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळा असे सात तालुके या प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात येतात. सुमारे दीड लाख हेक्टर जमीन भिजविण्याची ही योजना.

पाचही धरणे एकदम बांधणे शक्य नव्हते. येडगाव १९७७ मध्ये, तर वडज व माणिकडोह १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात पूर्ण झाले. पिंपळगाव जोगे व डिंभे यांना शतक संपेपर्यंत वाट पाहावी लागली. डिंभे २००० मध्ये पूर्णत्वास गेले. या क्रमात एक तांत्रिक संगती आहे. करमाळ्यापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर जाणारा कुकडी डावा कालवा येडगावहून निघतो. तेव्हा मुखाचे धरण आधी उभे राहिले, की नदीचा वाहता प्रवाह तरी कालव्यात वळविता येतो. वरची साठवण मागाहून त्याला जोडली जाते. परंतु या व्यवस्थेत प्रकल्पातील सर्वांत मोठा साठा, म्हणजे सुमारे साडेतेरा अब्ज घनफुटांचा डिंभे जलाशय, सर्वांत शेवटी हाती आला, हेही तितकेच खरे. कालव्याची लांबी आधी वाढली आणि पाण्याची बेगमी मागून आली.

लवादाची मुदत आणि विभागांचा समतोल

डिंभे २००० मध्येच का पूर्ण झाले, याला खोऱ्याबाहेरची पार्श्वभूमी आहे. घोड व कुकडी यांचे पाणी भीमेवाटे कृष्णेला मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, १९७० च्या दशकात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले आणि ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल अशी तरतूद ठेवली. आपल्या वाट्याचे पाणी त्या तारखेपूर्वी अडविले नाही, तर पुढे हक्क सांगणे अवघड होईल, ही चिंता राज्यभर पसरली. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाची स्थापना झाली व कर्जरोख्यांच्या द्वारे पैसा उभारण्यात आला. अशा प्रकारे जो अग्रक्रम वार्षिक अर्थसंकल्पाला देता आला नव्हता, तो एका तारखेने दिला. मात्र घाईने एकाच वेळी अनेक कामे सुरू झाली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडा थोडा पैसा येतो, हा धडाही त्याच काळाने दिला.

दुसरी कसोटी प्रादेशिक न्यायाची. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने राज्याच्या सरासरीपेक्षा मागे असलेल्या जिल्ह्यांची तूट मोजली आणि ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक अनुशेष दाखवून दिला. त्यात पाटबंधाऱ्यांचा अनुशेष हा मोठा भाग होता. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे आली. २००१ पासून राज्यपालांच्या निदेशांनी सिंचनाच्या निधीचे वाटप बांधले गेले. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. तथापि त्यांच्यामागील तत्त्व कालबाह्य झालेले नाही. पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्याला वाटणारा विलंब हा कधी कधी विदर्भातील शेतकऱ्याचा उशिरा मिळालेला न्याय असतो, हे समजून घेण्याइतका उदारपणा सर्वांनीच दाखविला पाहिजे.

विलंबाचे मोल

तथापि विलंब कोणत्याही कारणाने होवो, त्याचे मोल चुकवावेच लागते. कुकडी प्रकल्पाचा मूळ अंदाज सुमारे ३१ कोटी रुपयांचा होता. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यास सुमारे ३,९४८ कोटी रुपयांची सुधारित प्रशासकीय मान्यता दिली. ही वाढ सव्वाशे पटींहून अधिक आहे. पन्नास वर्षांतील महागाई, भूसंपादनाचे वाढलेले मोबदले आणि कामांची बदललेली व्याप्ती यांचा तीत मोठा वाटा आहे. ती सर्वस्वी अपव्यय नव्हे. परंतु वेळ हाच सर्वांत महाग माल ठरतो, हे त्यातून उघड होते.

एक साधा हिशेब पाहावा. एखाद्या प्रकल्पाचे शंभर कोटींचे काम उरले आहे. त्यास दर वर्षी पाच कोटींची तरतूद मिळते आणि दर वर्षी भाववाढ सहा टक्के होते. पहिल्या वर्षी पाच कोटींचे काम झाले. पण भाववाढीने उरलेल्या कामाचा खर्च त्याहून अधिक वाढला. वर्षअखेरीस शिल्लक शंभर कोटींहून थोडी जास्तच भरते. काम चालू असते, पैसा खर्च होत असतो आणि प्रकल्प मात्र पूर्णत्वापासून दूर जात असतो. म्हणून पुरेशा तरतुदीविना शंभर कामे सुरू करण्यापेक्षा वीस कामे पुरी करणे अधिक लोकहिताचे होय. नव्या कामाच्या कोनशिलेला टाळ्या मिळतात. अर्धवट वितरिकेच्या शेवटच्या पाच किलोमीटरला त्या मिळत नाहीत. पाणी मात्र त्या पाच किलोमीटरनंतरच्या शेतात पोचावयाचे असते.

वरचे व खालचे

प्रकल्प पूर्ण झाला तरी अग्रक्रमाचा प्रश्न संपत नाही. माणिकडोह जलाशय अनेक वर्षी भरत नाही. डिंभ्याकडे पश्चिम घाटाचा पाऊस अधिक येतो. म्हणून डिंभे व माणिकडोह यांना जोडणाऱ्या बोगद्याचा प्रस्ताव आला. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यांना त्यात आपल्या आवर्तनाची हमी दिसते. आंबेगावकरांना धरण लवकर रिकामे होईल अशी भीती वाटते. दोन्ही बाजूंना पाण्याची खरी गरज आहे. अशा वेळी बोगद्याची पातळी, पाणी सोडण्याचा काळ आणि दोन्ही लाभक्षेत्रांचा वाटा हे आकडे आधी लोकांसमोर ठेवावेत व मग काम हाती घ्यावे, हाच सरळ मार्ग आहे.

आणखी एक बाजू नेहमी मागे राहते. जलाशयाच्या काठी, डोंगरउतारावर राहणारे आदिवासी बांधव धरणाला सर्वांत जवळ आहेत. परंतु कालवा धरणाच्या खालून निघतो, त्यामुळे प्रवाही पाणी त्यांच्या शेतात चढत नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्येच केला, ही अभिमानाची गोष्ट होय. तरीही डिंभ्याच्या काठची उपजीविका पुन्हा उभी राहिली ती पुष्कळ अंशी जलाशयातील सहकारी मासेमारी आणि पडकईच्या भातखाचरांतून. या कामात साह्य करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेस २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे ‘इक्वेटर’ पारितोषिक लाभले. विस्थापितांची सोय ही प्रकल्पाच्या खर्चातली शेवटची बाब न मानता पहिली बाब मानली, तर असे प्रयत्न पुढील प्रकल्पांत प्रारंभापासूनच होतील.

गावाचा वाटा

अवसरी बुद्रुकच्या परिसराने राज्याच्या भांडवली गुंतवणुकीची फळे पाहिली आहेत. पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक येथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा आहे. शेजारच्या अवसरी खुर्दमध्ये २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय चालू आहे. पाण्याबरोबर ऊस, बटाटा व भाजीपाला आला. त्याबरोबर पाणी मोजून वापरण्याची जबाबदारीही आली.

ही जबाबदारी पार पाडण्याची साधने गावाच्या हाती आहेत. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे, त्याच वर्षीच्या माहिती अधिकाराने कागदपत्रे खुली झाली आहेत आणि जिल्हा नियोजन समितीत लोकप्रतिनिधी बसतात. एखाद्या कामाची मागणी करताना ग्रामसभेने चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. काम कोणत्या टप्प्यावर आहे? उरलेला खर्च किती आणि या वर्षीची तरतूद किती? कोणाची जमीन जाणार व तिचा मोबदला दिला गेला काय? काम पूर्ण झाल्यावर देखभालीचा पैसा कोठून येणार? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या गावाजवळ लेखी असतील, त्या गावाची मागणी टाळणे कोणत्याही कार्यालयाला सोपे जाणार नाही.

डिंभ्याचा जलाशय उन्हाळ्यात खाली गेला की जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. पुढच्या प्रकल्पाचा अग्रक्रम ठरविणाऱ्या प्रत्येकाने, मग तो मंत्रालयातला असो वा ग्रामसभेतला, एकदा त्या दिवसांत तेथे जाऊन यावे.