काचपात्रातील यश आणि रुग्णाचे औषध



१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुन्याची साथ उद्भवली. पुढे सुमारे तीन दशके हा रोग देशात जवळजवळ दिसेनासा झाला. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ मध्ये देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. एडिस डासांमार्फत पसरणाऱ्या या तापाने माणूस सहसा दगावत नाही. परंतु सांधे असे धरतात की, ऐन पेरणीत शेतकऱ्याच्या हाती तिफण ठरत नाही. तरीही या विषाणूवर मान्यताप्राप्त असे खास औषध अद्याप नाही.

नव्या औषधाची परीक्षा पायरीपायरीने होते. प्रयोगशाळेत तयार केलेले संयुग प्रथम काचपात्रात वाढविलेल्या पेशींवर तपासले जाते. माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळविलेल्या व्हेरो पेशी यासाठी उपयोगी पडतात. विषाणूग्रस्त पेशींना संयुगाच्या निरनिराळ्या मात्रा देऊन विषाणूची वाढ किती खुंटली, हे मोजतात. निरोगी पेशींनाही तेच संयुग देतात. कारण विषाणूबरोबर पेशीही मरत असेल, तर ते औषध नव्हे, विषच होय. विषाणू रोखणारी मात्रा आणि पेशींना घातक ठरणारी मात्रा यांत जितके अंतर अधिक, तितके संयुग आशादायक. त्यानंतर प्राण्यांवर आणि अखेरीस माणसांवर चाचण्या होतात.

पहिली पायरी म्हणजे शिखर नव्हे, हे क्लोरोक्विनच्या उदाहरणावरून दिसते. हिवतापावरील हे कृत्रिम संयुग पेशीतील कप्प्यांची आम्लता कमी करते. पेशीत शिरकाव पुरा करण्यास विषाणूला ती आम्लता लागते. त्यामुळे काचपात्रात त्याची वाढ रोखली जाते. २००६ मध्ये हिंदी महासागरातील रेयुनियों या फ्रेंच बेटावर ५४ रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना क्लोरोक्विन, निम्म्यांना औषधविरहित गोळी देण्यात आली. तापात व सुरुवातीच्या सांधेदुखीत फरक आढळला नाही. उलट, २०० दिवसांनंतर सांधेदुखीची तक्रार क्लोरोक्विन घेतलेल्यांतच अधिक होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माकडांवरील अभ्यासात या औषधाने शरीराची प्रतिकारक्रिया लांबते, असे दिसून आले.

म्हणून साथीच्या काळात एखाद्या गोळीची ख्याती कानी आली, तर ती कशावर तपासली गेली, काचपात्रातील पेशींवर की रुग्णांवर, हा प्रश्न शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी अवश्य विचारावा. रुग्णास विश्रांती, भरपूर पाणी व डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटॅमॉल द्यावे. डेंग्यू नसल्याची खात्री होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन टाळावे. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा रांजण, टाक्या व हौद रिकामे करून, घासून कोरडे ठेवले, तर ही साखळी गावातच तुटते. औषधाचा शोध प्रयोगशाळेत चालू राहील. कोरडा दिवस पाळणे मात्र प्रत्येक गावाच्या हाती आहे.