वाटेचं बाळंतपण

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेलं भाषण)



मला दिलेला विषय आहे, 'चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या उष्ण हवेत घरापुढचा काँक्रीटचा रस्ता टिकाऊ कसा करावा'. म्हणजे फाटकापासून पोर्चपर्यंतची ती पंचवीस-तीस फुटांची वाट. मोटार तिच्यावरून आत येते, गॅसची सिलिंडरं तिच्यावरून गडगडतात, मुलं तिच्यावर क्रिकेट खेळतात. वेळ दिलाय दहा मिनिटं. त्यातली निम्मी-अधिक मी पाण्यावर घालवणार आहे, हे आधीच कबूल करतो. खडी किती, वाळू किती, हे तुम्हाला माहीत आहे आणि तुमच्या गवंड्याला तुमच्याहून जास्त माहीत आहे. तो चुकतो ते पुढे, थापी धुऊन ठेवल्यावर.

आधी माझीच फजिती सांगतो. मी मूळचा मिरजेकडचा, पण नोकरीच्या निमित्ताने मद्रासला गेलो आणि तिथलाच झालो. घर पश्चिम मांबळममध्ये. आमच्या भागात 'लेक व्ह्यू रोड' नावाचा रस्ता आहे. तळं शोधायला जाऊ नका. तिथलं मोठं तळं १९२०च्या दशकात बुजवून त्यावर टी. नगर वसवलं, तळं गेलं, नाव राहिलं. तर तिथे घर बांधलं आणि भर मे महिन्यात, तमिळ लोक ज्याला अग्निनक्षत्रम् म्हणतात त्या दिवसांत, दारापुढे कोबा घातला. मी स्वतः इंजिनिअर, बरं का! संध्याकाळी मेस्त्रीने कोब्यावर अंगठा दाबून पाहिला आणि समाधानाने म्हणाला, "कांजु पोच्चु, सार." म्हणजे, वाळलं साहेब. मीही मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या लग्नाला सहकुटुंब मिरजेला निघून गेलो. घराला कुलूप.

दहा दिवसांनी आलो तर कोबा कसा छान राखाडी, गुळगुळीत. चार-सहा महिन्यांनी चपलांच्या तळव्यांना पांढरी भुकटी लागायला लागली. रुपयाच्या नाण्याने ओरखडा काढला तर पाटीवर पेन्सिल ओढावी तशी रेघ. पण फाटकाजवळचा चारेक फुटांचा तुकडा मात्र टणक! नाणं घसरायचं, रेघ उमटायची नाही. माल एकच, गवंडी एकच, दिवसही तोच. मग फरक कशाने?

उत्तर शेजारच्या मामींनी दिलं. आम्ही गावाला गेल्यावर त्या रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला आमच्याही फाटकापाशी बादलीभर पाणी शिंपडून कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढत होत्या. "घर बंद असलं म्हणून वासल कोरडं ठेवू नये," असं त्यांचं म्हणणं. वासल म्हणजे दारापुढची जागा. त्यात त्या तुकड्यावर कडुनिंबाची सावली. मामींच्या सड्याने माझ्या पदवीची लाज त्या चार फुटांपुरती राखली. सकाळ-संध्याकाळच्या सड्यावर काँक्रीटचं भागतं असं मी म्हणत नाही, त्याला सतत ओल हवी. पण सड्याने एवढं साधलं, तर नीट पाणी मारल्याने किती साधेल, याचा अंदाज घ्या.

आता 'वाळलं' या शब्दाकडे येतो. माझं सगळं भांडण याच शब्दाशी आहे. मराठीतही आपण तेच म्हणतो, 'स्लॅब वाळला का?' अहो, वाळवायला ते पापड आहेत का? काँक्रीट वाळत नाही. सिमेंट आणि पाणी यांचा संयोग होतो, त्यातून नवे, चिवट पदार्थ तयार होतात आणि ते खडी-वाळूला धरून ठेवतात. हे काम पहिल्या दिवशी सुरू होतं आणि आठवडेच्या आठवडे चालतं. मधेच पाणी संपलं की काम थांबतं. वरून ते घट्ट दिसतं, पण अर्ध्या वाटेवर अडलेलं असतं. सुरुवातीपासून उघडं टाकलेलं काँक्रीट भिजत ठेवलेल्या काँक्रीटच्या निम्म्याच्या आसपासच ताकद धरतं. पैसे मात्र तुम्ही पुरते मोजलेले असतात.

नव्या कोब्याला नवजात बाळ समजा. उपमा जरा ताणणार आहे, सांभाळून घ्या.

बाळाला आपण वारं लागू देत नाही. कुंची बांधतो, दुपट्यात गुंडाळतो. चेन्नईत उन्हाळ्यात सकाळी जमिनीवरून कोरडा, तापलेला वारा येतो आणि दुपारच्या सुमाराला समुद्रावरचा. लोक समुद्रवाऱ्याची चातकासारखी वाट पाहतात, पण ओल्या काँक्रीटला दोन्ही वारे सारखेच. वारा कातडीवरचं पाणी पळवतो आणि तासा-दोन तासांत कोंबडीच्या पायासारख्या बारीक भेगा पडतात. म्हणून काम दुपारी चारनंतर काढा. खालची जमीन आधी भिजवून घ्या, नाहीतर तीच पाणी पिऊन टाकते. वरचा भाग घोटून झाला, झाडू फिरवून खरखरीत केला, की लगेच प्लॅस्टिकचा कागद. सकाळी कागद काढून ओलं गोणपाट. गोणपाट हेच बाळाचं दुपटं.

बाळाला रोज न्हाऊ घालतो. एक दिवस कंटाळा आला म्हणून कोणी सोडतं का? तसंच हे. आणि किती दिवस? हल्ली पोत्यावर बहुतेक 'पीपीसी' लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेली. ही राख चांगली, समुद्राकाठी तर फारच चांगली, पण स्वभावाने संथ. आपल्याकडे काँक्रीटचा जो भारतीय मानक ग्रंथ आहे, आयएस ४५६, सन २०००चा, तो साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओल ठेवा म्हणतो, राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस, आणि ते १४पर्यंत वाढवा अशी शिफारस करतो. म्हणजे पहा, बाराव्या दिवशी बारसं झालं तरी न्हाणं बंद नाही. आणि सव्वा महिना बाळाला बाहेर काढत नाहीत ना? इथे २८ दिवस. हलकी गाडी त्याआधी आणता येईल, पण पाण्याचा टँकर नको. चेन्नईत ही 'तण्णी लॉरी' घरोघर येते. १२,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच १२ टनांचं. तो फाटकाबाहेर उभा करून नळी आत घ्या. आत आणायचाच असेल तर चार इंचांच्या कोब्यावर भागणार नाही, सहा इंच घाला.

नाळेचंही सांगतो, मग उपमा सोडतो. काँक्रीट आक्रसतं, म्हणून त्याला सांधे द्यावे लागतात. चार इंच जाडीला साधारण तीन-तीन मीटरवर, जाडीच्या पाव खोलीचा काप. आणि हा काप वेळेवर हवा. फार लवकर मारला तर कडा ढासळतात, उशीर केला तर काँक्रीट स्वतःच वेडंवाकडं फाटून मोकळं होतं. मे महिन्यात तर रात्र उलटायच्या आतच कापावं लागतं. सुईण जागी हवी.

आता पाण्याची दुसरी बाजू, कारण मी 'पाणी पाणी' म्हणतोय म्हणून कोणीतरी मालातच पाईप सोडेल. पोटात मोजून, अंगावर सढळ. हे लक्षात ठेवा. कालवताना ५० किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटरच्या आत पाणी, तेही वाळूतली ओल धरून. चेन्नईत पाणी भरायचा रंगीत प्लॅस्टिकचा घडा असतो, कुडम. त्यात साधारण पंधरा लिटर मावतं. म्हणजे पोत्याला दीड कुडम, संपलं. कामावरची बाई तिसरा कुडम घेऊन निघाली की वाटेत आडवे व्हा. माल पातळ असला की गवंड्याचा हात भराभर चालतो, पण जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक भोकं ठेवतं. त्या भोकांतून खारी हवा आत शिरते. वर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटायची जी सवय आहे तीही सोडा. तो मुलामा वर्षभरात पोपडा धरतो. तर, पोटात मोजून, अंगावर सढळ.

तुम्ही म्हणाल, चेन्नईत एवढं पाणी आणायचं कुठून? प्रश्न रास्त आहे. २०१९च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारी तळी आटली आणि जुलैत जोलारपेटहून आगगाडीने पाणी आणावं लागलं, एका फेरीला २५ लाख लिटर. तेव्हा कोब्यावर पाइप धरणाऱ्याला शेजाऱ्यांनी मारलं असतं, आणि बरोबर केलं असतं. पण पाणी ओतत बसायचंच नसतं, टिकवायचं असतं. गोणपाट भिजवा, त्यावर प्लॅस्टिक अंथरा, कडेला विटा ठेवा. मग दिवसाला चार-पाच बादल्यांत भागतं. जागा सपाट असेल तर वाळूचे बांध घालून वाफे करा. तिकडे त्याला 'पात्ति' म्हणतात. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आम्हा शहरवाल्यांनाच लागतं.

आणि हे शहराला नवीन नाही हो. मद्रासचा चुनम गिलावा एके काळी जगभर वाखाणला जायचा. शिंपले भाजून केलेला चुना, आणि तो ओला असतानाच घोटत राहायचं, संगमरवरासारखी झळाळी येईपर्यंत. देशातला पहिला सिमेंटचा कारखानाही १९०४ साली मद्रासलाच निघाला, आणि त्यातही कच्चा माल समुद्रातले शिंपलेच. ज्या गावाने चुना दिवस-दिवस ओला ठेवला, त्याच गावात आज सिमेंटवर दोन दिवस बादली पडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता मुहूर्ताचं. कोकणात आणि गोव्यात हवा तीच खारी, पण तिथला पाऊस दसऱ्यापर्यंत ओसरतो, म्हणून दिवाळीनंतर कामं काढतात. हे पंचांग घेऊन चेन्नईला गेलात तर फसाल. तिथे दिवाळीच भर पावसात. वर्षाकाठी साधारण १४०० मिलिमीटर पाऊस, त्यातला मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर. २०१५च्या डिसेंबरात अड्यार नदी घरांत शिरली होती, ते तुम्हाला आठवत असेल. म्हणून तिथे मुहूर्त पोंगलनंतरचा, जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. पाऊस संपलेला, ऊन कोवळं, विहिरीला पाणी. तमिळमध्ये याच दिवसांची एक म्हण आहे, 'थै पिरंदाल वळि पिरक्कुम'. थै महिना जन्मला की वाट जन्मते. म्हणणाऱ्याच्या मनात आयुष्यातली वाट असते, लग्न जमेल, नोकरी लागेल अशी. पण माझ्यासारख्याला ती फाटकापासून पोर्चपर्यंतचीच ऐकू येते. आणि जन्म म्हटला की बाळंतपण आलंच!

उताराचं दोन वाक्यांत. पन्नासला एक असा उतार द्या, आणि पाणी रस्त्यावर न सोडता शोषखड्ड्याकडे न्या. तमिळनाडूत २००३पासून प्रत्येक इमारतीला पाऊस जिरवणं सक्तीचं आहे. शिवाय डांबराचे थर चढून चढून रस्ता दरवर्षी उंच होतो आणि घर खड्ड्यात जातं, तेव्हा फाटकाशी पातळी थोडी चढीच ठेवा. अख्खं अंगण लिंपू नका. जुन्या बंगल्यांसारख्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या आणि मधे हिरवळ, हे तर उत्तमच. गाडी आत येते आणि पाऊसही.

काचेपलीकडून हाताने खूण होते आहे. सळईचं राहिलंच. थोडक्यात सांगतो. समुद्राकाठी सळई वरून ४५ मिलिमीटर आत हवी, म्हणजे चार इंचांच्या कोब्यात ती जवळजवळ मध्यावरच येते. मग मोटारीपुरत्या वाटेला ती घालायचीच कशाला, हा खरा प्रश्न. त्यात किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी खारं, आणि खाऱ्या पाण्याने सळई... असू दे. ते पुन्हा केव्हातरी, बोलावलंत तर.

सळईचं विसरलात तरी माझी हरकत नाही. श्रोत्यांपैकी कोणी या आठवड्यात दारापुढे कोबा घातला असेल, तर त्यांना एवढंच सांगणं आहे. रेडिओ चालू असू दे, पुढे गाणी लागतील. तुम्ही तेवढं बाहेर जाऊन गोणपाटाला हात लावून पहा. कोरडं लागलं तर बादली घ्या.